मैलभर उंचीवरचं गाव आणि एक गुडघा

अमेरिकेतल्या प्रत्येक गावाला कशाचा ना कशाचा अभिमान असतो. कुणी आपला पूल दाखवतो, कुणी धबधबा, कुणी नुसत्याच आभाळाला टेकलेल्या इमारती. कोलोरॅडो राज्याची राजधानी असलेल्या डेन्व्हरला अभिमान आहे तो आपल्या उंचीचा. समुद्रसपाटीपासून ५२८० फूट, म्हणजे मोजून एक मैल! आपल्या मापानं सांगायचं तर कळसूबाईच्या माथ्याहून जेमतेम सव्वाशे फूट खाली. कळसूबाईच्या टोकावर कुणी लांबरुंद मैदान करावं, त्यावर सात लाख वस्तीचं शहर वसवावं आणि पश्चिमेला रॉकी पर्वताच्या बर्फाळ रांगेचा पडदा सोडून द्यावा, की झालं डेन्व्हर तयार.

हा ५२८० चा आकडा गावात जिथंतिथं भेटतो. इथल्या एका मासिकाचं नावच मुळी ‘५२८०’. बेसबॉलच्या मोठ्या मैदानात सगळ्या खुर्च्या हिरव्या, पण वरच्या सज्जातली एक अख्खी रांग जांभळी. ती बरोबर एक मैलावर येते म्हणून. विधानभवनाच्या पश्चिमेकडच्या पायऱ्यांवर तर आणखीच गंमत आहे. १९०९ च्या मोजणीप्रमाणे पंधराव्या पायरीवर ‘समुद्रसपाटीपासून एक मैल’ अशी अक्षरं कोरलेली आहेत. १९६९ साली विद्यार्थ्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा मैल तीन पायऱ्या वर सरकला आणि अठराव्या पायरीवर खूण बसली. २००३ साली आणखी एकदा मोजणी झाली, तो स्वारी तेराव्या पायरीवर उतरली! तिन्ही खुणा आपापल्या जागी सुखानं नांदताहेत. एकाच घरात आजोबांचं, वडिलांचं आणि मुलाचं घड्याळ वेगवेगळी वेळ दाखवतं आणि कुणी कुणाचे काटे फिरवायला जात नाही, तसाच हा प्रकार.

२०२३ च्या मे महिन्यात मी भाच्याकडे दीड महिना राहायला गेले, तेव्हा या उंचीची पहिली ओळख झाली ती सूनबाईच्या स्वयंपाकघरात. पाणी तिथं ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. भांड्यात डाळ नुसती खदखदते; शिजायचं नाव घेत नाही. प्रेशर कुकर ही तिथं सोय नव्हे, गरज आहे. हवाही समुद्रकाठच्या मानानं सुमारे १७ टक्के विरळ. पहिले चार दिवस मी जिन्याच्या मध्यावर थांबून भिंतीवरची चित्रं फार बारकाईनं पाहत असे.

पण त्या महिन्यात गावाचा श्वास कोंडला होता तो हवेमुळे नव्हे. कारण वेगळंच होतं. डेन्व्हरचा बास्केटबॉलचा संघ, ‘नगेट्स’, अजिंक्यपदाच्या वाटेवर होता आणि साऱ्या गावाचं लक्ष एका माणसाच्या डाव्या गुडघ्याकडे लागलं होतं.

मला हे कळलं ते त्या विधानभवनाच्या पायऱ्यांवरच. तेराव्या पायरीशी पोहोचता पोहोचता माझ्या गुडघ्यांनी तक्रार मांडली आणि मी बसकण मारली. भाच्याची दहा वर्षांची लेक शेजारी येऊन बसली. तिचं मराठी थोडं अडखळत चालतं, पण चालतं.

“आजी, तुझा गुडघा दुखतो? जमाल मरेचा तर तुटला होता. मग तो दीड वर्ष खेळला नाही. आता परत आला.”

“मग आता बरा आहे ना?”

“आहे. पण तो उडी मारून खाली आला ना, की बाबा अजून डोळे मिटतात.”

भाचा जरा लाजल्यासारखा हसला. आणि मग त्या संध्याकाळी चेरी क्रीकच्या काठानं चालता चालता बापलेकींनी मिळून मला ती सगळी हकीकत सांगितली.

चेरी क्रीक म्हणजे आपल्याकडचा मोठा ओढाच. तो साउथ प्लॅट नदीला मिळतो, त्या संगमाच्या परिसरात १८५८ साली सोन्याचे कण सापडले आणि तंबू ठोकून माणसं गोळा झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विल्यम लॅरिमर नावाच्या गृहस्थानं गावाची आखणी केली. हा मुलूख तेव्हा कॅन्सस प्रांतात मोडत असे. प्रांताच्या गव्हर्नराची मर्जी राहावी म्हणून लॅरिमरनं गावाला त्याचंच नाव दिलं, डेन्व्हर. बातमी यायला उशीर झाला एवढंच. डेन्व्हरसाहेब तोवर राजीनामा देऊन मोकळे झाले होते! ज्याची खुशामत करायची तो खुर्चीवर नव्हता, पण नाव मात्र कायमचं चिकटलं. सोन्याच्या त्या दिवसांची आठवण म्हणूनच संघाचं नाव ‘नगेट्स’, म्हणजे सोन्याचे खडे.

या संगमापासून थोड्याच अंतरावर संघाचं घर आहे. १९९९ साली बांधलेलं हे बंदिस्त क्रीडागृह आता ‘बॉल अरीना’ या नावानं ओळखलं जातं. मला वाटलं, चेंडूवरून नाव पडलं असेल. तसं नाही. ‘बॉल’ ही कंपनी. ती ॲल्युमिनियमचे डबे करते.

या खेळाचं आणि या गावाचं नातं मात्र नगेट्सहून कितीतरी जुनं. बास्केटबॉल काढला तो डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी, १८९१ च्या डिसेंबरात, स्प्रिंगफील्ड गावी. थंडीत मुलांना घरात खेळता यावं म्हणून त्यांनी पीचच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. हे नेस्मिथ १८९५ साली डेन्व्हरला आले, वाय.एम.सी.ए.त व्यायामशिक्षक झाले आणि इथंच शिकून १८९८ साली वैद्यकीय पदवीधर झाले. ज्यानं हा उड्यांचा खेळ काढला, तो पुढं हाडं-सांधे शिकायला याच गावात आला, हा योगायोग मला मोठा मजेचा वाटला.

आता मूळ हकीकत.

नगेट्सचे दोन आधारस्तंभ. एक निकोला योकिच. सर्बियातल्या सोंबोर गावचा, सहा फूट अकरा इंच उंचीचा, घोड्यांचा षौकी आणि दिसायला थोडा सुस्त. २०१४ साली खेळाडूंची निवड झाली, तेव्हा त्याचा क्रमांक लागला एक्केचाळिसावा. दुसरा जमाल मरे, कॅनडातल्या किचनर गावचा; त्याची निवड २०१६ साली सातव्या क्रमांकावर झालेली. योकिच चेंडू घेऊन मध्ये उभा राहायचा आणि मरे त्याच्या अंगाला घासून वळसा घेत जायचा. जाता जाता चेंडू हातातून हातात. प्रतिस्पर्धी मरेच्या मागं धावले, तर योकिच टोपलीकडे मोकळा. योकिचपाशी थांबले, तर मरे लांबून फेक करून मोकळा. भाचा मला हे कागदावर बाण काढून समजावत होता. मी म्हटलं, “अरे, हे तर जातं!” आमच्या लहानपणी आजी आणि काकू समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालून दळायच्या. एकीनं ओढायचं, दुसरीनं लोटायचं. कोण जोर लावतंय हे पाहणाऱ्याला कळायचं नाही. पीठ मात्र भुरुभुरु पडत राहायचं.

२०२० साली करोनाच्या दिवसांत फ्लोरिडात संघांना एका आवारात कोंडून स्पर्धा झाली. तिथं या जोडीनं दोनदा एक विरुद्ध तीन अशा पिछाडीवरून सात सामन्यांची मालिका जिंकली. एकाच हंगामात असं दोनदा कुणीच केलं नव्हतं. युटा संघाविरुद्ध मरेनं एकट्यानं दोन सामन्यांत पन्नास-पन्नास गुण केले. पुढच्या मार्चमध्ये ऑरलँडोहून ॲरन गॉर्डन हा दणकट गडी संघात आला आणि नगेट्स लागोपाठ सामने जिंकत सुटले. गावात लोक म्हणू लागले, यंदा आपलं वर्ष.

आणि १२ एप्रिल २०२१ ची रात्र आली. सामना सॅन फ्रान्सिस्कोत. नगेट्स हरत होते आणि खेळ संपायला मिनिटभराचाही अवधी नव्हता. मरे चेंडू घेऊन टोपलीकडे झेपावला. कुणी ढकललं नाही, कुणी पाय घातला नाही. त्याचा डावा पाय जमिनीवर टेकला आणि तो गुडघा धरून कोसळला. गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड जागच्या जागी धरून ठेवणारा एक दोरीसारखा अस्थिबंध असतो, त्याला डॉक्टर मंडळी एसीएल म्हणतात. तो तुटला होता. बास्केटबॉलमध्ये ही इजा पुष्कळदा अशीच, कुणाचा धक्का न लागता होते. धावता धावता थांबणं आणि वळणं एकाच क्षणी झालं, की सगळा भार त्या एका दोरीवर येतो. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने ते वर्ष सहज जातं. आणि बाद फेऱ्यांना उरला होता जेमतेम सव्वा महिना.

त्या रात्रीची एक गोष्ट तेव्हाचे प्रशिक्षक मायकेल मलोन यांनी पुढं २०२३ च्या स्पर्धेच्या दिवसांत सांगितली. मरेच्या डोळ्यांत पाणी होतं. वय चोवीस. त्यानं विचारलं काय, तर तुम्ही मला आता विकून टाकणार का? कारण मी तर आता मोडका माल झालो.

वाचकांना हा प्रश्न विचित्र वाटेल. पण अमेरिकेत खेळाडूची अदलाबदल होते. आपला एक द्यायचा, त्यांचे दोन घ्यायचे. सकाळी या गावचा असलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या गावचा होतो. दुखणं गुडघ्याचं होतं, पण पोराला भीती वाटली ती घर जाण्याची. मलोननी त्याला पोटाशी धरलं आणि सांगितलं की मुळीच नाही, तू आमचा आहेस, आम्ही तुला पुन्हा उभं करू.

बोलणं सोपं होतं. पण जात्याची एक बाजू रिकामी झाली होती, त्याचं काय?

लोकांना वाटतं, चांगला खेळाडू गेला म्हणजे त्याचे गुण गेले. मरे त्या हंगामात सामन्याला सरासरी २१ गुण करत होता, तेवढे इतरांनी वाटून घेतले की झालं! तसं होत नाही. मरे होता तेव्हा त्याच्या धाकानं दोन माणसं त्याच्याभोवती असायची आणि बाकीच्यांना मोकळी हवा मिळायची. तो गेल्यावर ती दोन माणसं योकिचच्या अंगावर आली. बाकीच्यांनाही जे काम कधी केलं नव्हतं ते करावं लागलं. घरातली कर्ती सून माहेरी गेली म्हणजे नुसता स्वयंपाक अडत नाही. दुधाचा हिशेब, सासऱ्यांचं औषध, मुलांचा अभ्यास, सगळ्याच दोऱ्या एकदम सैल पडतात, तसं हे.

त्यात त्याच एप्रिल-मे महिन्यांत विल बार्टन, मॉन्टे मॉरिस आणि पी. जे. डोझियर हेही जायबंदी झाले. मग उभे राहिले कोण? तर फकुंदो कम्पाझो हा अर्जेंटिनाचा पाच फूट दहा इंचांचा, तिशी गाठलेला गडी. या स्पर्धेत पहिल्याच वर्षाचा. आणि ऑस्टिन रिव्हर्स, ज्याला त्या वसंतात कुठलाच संघ नव्हता. त्याला आधी दहा दिवसांच्या करारावर आणलं! आपल्याकडे ऐन लग्नात आचारी आजारी पडावा आणि शेजारच्या बोळातून कुणाला तरी उचलून आणावं, तसा.

आणि नवल असं, की मरे गेल्यानंतरच्या १८ सामन्यांपैकी १३ या मंडळींनी जिंकले. पश्चिम विभागात तिसरा क्रमांक राखला.

बाद फेरीत समोर आला पोर्टलंड. पहिला सामना नगेट्स घरच्या मैदानावरच हरले. तिसऱ्या सामन्यात, पोर्टलंडमध्ये, त्या दहा दिवसांच्या पाहुण्यानं, रिव्हर्सनं, शेवटच्या बारा मिनिटांत १६ गुण करून सामना खेचून आणला. १ जून २०२१ ला डेन्व्हरमध्ये पाचवा सामना झाला. पोर्टलंडच्या डेमियन लिलार्डनं ५५ गुण केले, तीन-तीन गुणांच्या बारा फेका टोपलीत घातल्या. बाद फेरीत एका सामन्यात इतक्या कुणीच घातल्या नव्हत्या. संपतासंपता त्यानं बरोबरी साधली, जादा वेळ मिळाला. त्याच्या शेवटी पुन्हा त्यानंच बरोबरी साधली, पुन्हा जादा वेळ! दुसऱ्या जादा वेळेत नगेट्सनी १४७ विरुद्ध १४० असा सामना मारला. बरा होऊन परतलेल्या मॉरिसनं त्या रात्री २८ गुण केले. भाचा म्हणाला, “आत्या, त्या रात्री आम्ही ओरडून ओरडून शेजाऱ्यांना जागं केलं आणि मग कळलं की शेजारीही ओरडतच होते.” मालिका चार-दोन अशी जिंकली.

इथंच गोष्ट संपती तर शाळेच्या पुस्तकात धडा म्हणून शोभली असती. पण पुढच्या फेरीत फिनिक्स आला आणि त्यानं चार सामने सरळ जिंकले. योकिच त्या हंगामात एकही सामना न चुकवता खेळला होता. त्याला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान जाहीर झाला. इतक्या मागच्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूला तो पूर्वी कधीच मिळाला नव्हता. ११ जूनला घरच्या मैदानावर सामन्याआधी त्याच्या हाती तो चषक दिला आणि लगेच नंतरच्या सामन्यात संघ हरला. दोन दिवसांनी चौथ्या सामन्यात चेंडूवर मारलेला त्याचा हात प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर बसला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. वर्षातला सर्वोत्तम खेळाडू आपला शेवटचा सामना संपण्याआधीच मैदान सोडून गेला.

जिद्दीनं सव्वा महिना निघतो, एक फेरीही निघते. पण जिद्द म्हणजे गुडघा नव्हे. एका हातानं जातं फिरतं, पीठही पडतं; पण दळणाऱ्याचा खांदा भरून येतो आणि पायलीभर दळण काही उरकत नाही.

मरेनं त्यापुढचा अख्खा हंगामही बाकावर काढला. संघ पहिल्याच फेरीत हरला. त्या काळात कुणी त्याला घाई केली नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात तो परतला. वर्षभरात लय सापडली आणि मी तिथं होते त्याच मे महिन्याच्या १८ तारखेला, लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाविरुद्ध त्यानं शेवटच्या बारा मिनिटांत २३ गुण केले. आम्ही दूरचित्रवाणीपुढं बसलो होतो. मरे उडी मारून खाली आला, की भाचा खरोखरच डोळे मिटायचा. पोरगी खोटं बोलली नव्हती.

लेकर्सना चार-शून्य हरवून नगेट्स अंतिम फेरीत गेले. १९७६ साली या स्पर्धेत आल्यापासून प्रथमच! समोर मायामी. ७ जूनच्या सामन्यात योकिच आणि मरे या दोघांनीही तिशीच्या वर गुण, शिवाय गुण, झेल आणि साथीदाराला दिलेले पास या तिन्ही बाबतीत दोन आकडी संख्या गाठली. एकाच संघातल्या दोघांनी एकाच सामन्यात असं करणं त्यापूर्वी कधी घडलं नव्हतं. जात्याला पुन्हा दोन हात लागले होते. १२ जूनला बॉल अरीनामध्ये ९४ विरुद्ध ८९ असा पाचवा सामना जिंकून डेन्व्हर अजिंक्य झालं.

१५ जूनला मिरवणूक निघाली. युनियन स्टेशन या जुन्या रेल्वे स्थानकापासून विधानभवनापुढच्या सिव्हिक सेंटरपर्यंत. आपल्याकडे हत्तीवरून साखर वाटतात. तिथं खेळाडूंना आगीच्या बंबांवर बसवून फिरवलं. रस्त्याच्या दुतर्फा माणसांचा समुद्र. नातीला भाच्यानं खांद्यावर घेतलं होतं आणि ती बंबांवरची एकेक नावं मला ओरडून सांगत होती. योकिच, मरे, गॉर्डन, पोर्टर...

मी विचारलं, “आणि तो छोटा अर्जेंटिनावाला? दहा दिवसांचा पाहुणा? आणि तो २८ गुणांचा मॉरिस?”

नात गप्प झाली. भाच्यानं सांगितलं, ते नाहीत. कम्पाझो आणि रिव्हर्स आदल्या वर्षीच संघ सोडून गेले होते. रिव्हर्स तर या वेळी मिनेसोटाकडून होता, आणि पहिल्याच फेरीत नगेट्सनी त्यालाच हरवलं होतं! डोझियरचीही रवानगी झाली होती. मॉरिस आणि बार्टन या दोघांना २०२२ च्या जुलैत वॉशिंग्टनला देऊन टाकलं होतं. त्यांच्या बदल्यात आलेला कॉल्डवेल-पोप त्या दिवशी मिरवणुकीत होता. खुद्द मलोनसाहेब बंबावर उभे राहून सगळ्यांना हात करत होते. पुढं २०२५ च्या एप्रिलमध्ये, हंगामाचे तीनच सामने आणि मग बाद फेऱ्या उरल्या असताना, त्यांनाही संघानं निरोप दिला.

‘तू आमचा आहेस’ हे वाक्य मरेच्या वाट्याला आलं आणि ते पाळलं गेलं, ही मोठी गोष्ट. दुखऱ्या माणसाची जागा दोन वर्षं राखून ठेवायला हिशेबापलीकडचं काहीतरी लागतं. पण ती जागा रिकामी असताना ज्यांनी खुंट्याला हात घातला आणि घर उपाशी ठेवलं नाही, त्यांच्यातला एकही बंबावर नव्हता. त्यांनी मरेचा प्रश्न कुणाला विचारला असेल का, कोण जाणे!

गर्दी पांगेपर्यंत ऊन चढलं होतं. नातीनं सारा वेळ हातात धरलेला झेंडा गुंडाळला आणि तिचा बाप पुढं चालू लागल्यावर मला हळूच म्हणाली, “आजी, मॉरिसनं टीव्हीवर बघितलं असेल ना?”

“बघितलं असेल गं,” मी म्हटलं. “आणि मरे उडी मारून खाली आला, की त्यानंही डोळे मिटले असतील.”